कान तयार करणारं खोकं घरी कसं बनवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दोन वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. पेटीबरोबर नीट गाते, पण पेटी थांबली की कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांत गोंधळते. पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा. वडिलांना आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) दिवे लावणं, बझर वाजवणं एवढं येतं. मोबाईलचा पडदा नको आहे. एक स्वर वाजेल, मुलगी तो ओळखून बटण दाबेल, चूक की बरोबर ते कळेल, असं साधं खोकं घरी करायचं आहे. कोणते पार्ट घ्यावेत आणि कोणत्या स्वराची फ्रिक्वेन्सी किती ठेवावी?

करता येतं, आणि हजार-बाराशे रुपयांत होतं. मी इलेक्ट्रॉनिक तानपुरे दुरुस्त करतो आणि गाण्याच्या क्लासेसना अशी खोकी बनवूनही देतो, त्यामुळे सर्किट शेवटी सांगेन. आधी एक गोष्ट. बारा स्वर वाजवणारं खोकं कुणीही बनवेल. त्यानं स्वरज्ञान येत नाही. गंधार म्हणजे काही ठरावीक हर्ट्झ नव्हेत. षड्जापासून तो जिथे उभा असतो त्या जागेला आपण गंधार म्हणतो. म्हणून तुमच्या खोक्यात प्रश्नाचा स्वर वाजो न वाजो, षड्ज अखंड वाजत राहिला पाहिजे. बहुतेक घरगुती खोक्यांत हेच नसतं. 'पीं' वाजतं, मूल अंदाजानं बटण दाबतं, आणि महिन्याभरात त्या बारा 'पीं' पाठ होतात. पट्टी बदलली की सगळं पुसलं जातं.

षड्ज अखंड हवा म्हटल्यावर आर्डुइनो उनो किंवा नॅनोची तयार 'टोन' आज्ञा बाद होते, कारण ती एका वेळी एकच आवाज काढते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. काळी पाचचा षड्ज २३३.०८ हर्ट्झ धरला, तर त्याचा शुद्ध गंधार ५/४ पट, म्हणजे २९१.३५ हर्ट्झ येतो. 'टोन'ला अपूर्णांक चालत नाही, म्हणून तुम्ही २९१ लिहिणार. पण आत जो टायमर आहे तो ८ बिटांचा, त्याला बोर्डच्या १६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला पूर्ण आकड्यांनीच भागता येतं. या फ्रिक्वेन्सीच्या आसपास तो आधी १२८ नं भागतो, मग २१४ नं, एका लहरीत पिन दोनदा पालटते म्हणून पुन्हा २ नं, आणि निघतात २९२.०६ हर्ट्झ. २९२ लिहा, तरी तेच निघतात. २९३ लिहिलं की एकदम २९३.४३ वर उडी. म्हणजे एकेक पायरी आठ सेंटची. (सप्तकाचे १२०० सेंट, हे माप अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये रूढ केलं. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात.) पेटीचा गंधार आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार यांत फरकच मुळात चौदा सेंटचा आहे. आठ सेंटच्या पायऱ्यांवरून कान कसा तयार करणार? बझर दाराच्या घंटीला ठीक आहे.

तेव्हा ईएसपी३२ बोर्ड घ्या. आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून तो प्रोग्रॅम होतो, त्यामुळे तुम्हाला नवं काही शिकावं लागणार नाही.

आता फ्रिक्वेन्सी. पट्टीचा षड्ज एकदा ठरवा आणि बाकी सगळे स्वर गुणोत्तरानं काढा. पहिल्या खोक्यासाठी मी हे आकडे वापरतो: कोमल रे १६/१५, रे ९/८, कोमल ग ६/५, ग ५/४, म ४/३, तीव्र म ४५/३२, प ३/२, कोमल ध ८/५, ध ५/३, कोमल नी ९/५, नी १५/८. यावर वाद घालणारे भेटतील, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. धैवत ५/३ धरायचा की २७/१६, यात साडेएकवीस सेंटचा, म्हणजे एका श्रुतीचा (स्वरांमधल्या बारीक अंतराचा) फरक पडतो आणि तो रागावर अवलंबून असतो. रिषभ आणि कोमल निषादाचंही तेच. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातल्या स्वरांच्या आधारे बावीस श्रुतींचं गणित मांडून १९१० मध्ये छापलं, तेव्हापासून आपल्याकडे ही चर्चा थांबलेली नाही. कोमल-शुद्ध वेगळे ऐकू येण्याच्या पायरीवर ती मध्ये आणू नका. प्रोग्रॅममध्ये गुणोत्तरांचा तक्ता मात्र वेगळा ठेवा, म्हणजे पुढे एखादा स्वर बदलायचा झाला तर एकच ओळ बदलावी लागेल.

पेटीचे समान अंतराचे स्वर का घ्यायचे नाहीत, हे खोकं तयार झाल्यावर स्वतःच्या कानानं ऐका. खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातला, षड्ज ११६.५४ हर्ट्झ. त्याच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर असतातच. पाचपट म्हणजे ५८२.७०. तानपुरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हाच. आता ५/४ चा गंधार वाजवा. त्याची दुप्पट बरोबर ५८२.७०, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि आवाज स्थिर राहतो. पेटीचा गंधार २९३.६६, त्याची दुप्पट ५८७.३३. या दोघांच्या टकरीतून सेकंदाला साडेचार वेळा वर-खाली होणारी थरथर निघते. मुलीला हे दोन गंधार षड्जावर आलटून पालटून ऐकवा आणि कुठला 'बसला' एवढंच विचारा. दोन वर्षं गाणाऱ्या मुलांना सहसा लगेच सांगता येतं. ही थरथर ऐकू येणं हा स्वर ओळखण्याचा सगळ्यात भरवशाचा धागा आहे, आणि तो षड्ज चालू असेल तरच मिळतो.

पण त्यासाठी आवाजात वरचे स्वर हवेत. शुद्ध साइन लहर वापरू नका. ती शिट्टीसारखी सपाट लागते, तिच्यात पकडायला काही नसतं. शिवाय तीन इंची स्पीकर ११६ हर्ट्झ जेमतेमच वाजवतो, तेव्हा साइनचा खर्ज ऐकूच येणार नाही. मूळ स्वर, त्यावर दुसरा निम्म्या जोरानं, तिसरा एक तृतीयांश, असे आठव्यापर्यंत मिसळा. मग स्पीकरनं खालचा स्वर गाळला तरी वरच्यांच्या अंतरावरून कान तो भरून काढतो. टेलिफोनवर पुरुषाचा भारदस्त आवाज ओळखू येतो तो याच कारणानं.

ही मिसळलेली लहर दर वेळी मोजत बसायची गरज नाही. सुरू होताना एकदाच २०४८ खणांचा तक्ता भरून ठेवा. मग प्रत्येक स्वरासाठी ३२ बिटांचा एक मोजक ठेवायचा, सेकंदाला ४४,१०० वेळा त्यात ठरावीक आकडा मिळवायचा, आणि मोजकाच्या वरच्या ११ बिटांवरून तक्त्यातला खण उचलायचा. मोजक भरला की आपोआप शून्यावर येतो आणि लहर पुन्हा सुरू होते. मिळवायचा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले २ चा ३२ वा घात, भागिले ४४,१००. आपल्या २९१.३५ च्या गंधारासाठी तो २,८३,७५,०२७ येतो. त्यात एकानं फरक केला तर फ्रिक्वेन्सी हर्ट्झच्या एक लाखाव्या भागानं बदलते. अचूकतेची चिंता इथेच संपली. आपल्याला असे तीन मोजक लागतील: खर्जाचा षड्ज, मध्य षड्ज आणि प्रश्नाचा स्वर. षड्जाची जोडी प्रश्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या जोरावर ठेवा, आणि तिघांची बेरीज १६ बिटांच्या बाहेर जाणार नाही एवढं बघा. गेली तर आवाज फाटतो.

षड्जाबरोबर पंचमही वाजवावा का, असं हमखास विचारतात. तानपुऱ्यात असतो, मग इथे का नको? माझं मत: सरावाच्या खोक्यात नको. पंचम सतत चालू असला की 'प' हा प्रश्न राहतच नाही, नुसती जोडी जुळवायची असते. आणि शेजारचे मध्यम-धैवत मुलं पंचमावरून मोजू लागतात. रियाजाला तानपुरा आहेच.

सर्किट छोटं आहे. ईएसपी३२, त्याला मॅक्स९८३५७ए या नावानं मिळणारा छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड, चार ओहम तीन वॅटचा स्पीकर, सोळा बटणांचा चार बाय चार कीपॅड, एक १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवायची खुंटी), हिरवा-लाल एलईडी आणि त्यांचे ३३० ओहमचे रेझिस्टर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळं एका फेरीत मिळतं. ॲम्प्लिफायरला तीनच सिग्नल जातात: बीसीएलके, एलआरसी, डीआयएन. ते मी अनुक्रमे २६, २५ आणि २२ नंबरच्या पिनांवर घेतो. कीपॅडच्या आठ वायरी १३, १४, २७, ३२, ३३, १८, १९, २३ वर. ३४ ते ३९ या पिना बटणांना देऊ नका, त्यांना आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन स्थिर धरणारा रेझिस्टर) नसतो आणि बटण भुतासारखं आपोआप दाबलं जातं. ६ ते ११ ला हात लावायचा नाही, तिथे बोर्डची स्वतःची मेमरी आहे. १२ नंबरही टाळा. सुरू होताना त्यावर व्होल्टेज असलं तर बोर्ड कधीकधी उठतच नाही. पोटेन्शिओमीटर मात्र ३४ वर चालतो.

ॲम्प्लिफायरच्या सप्लायला चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि वायफाय प्रोग्रॅममधूनच बंद करा, नाहीतर शांत षड्जामागे टिक-टिक ऐकू येते. पॉवरला मोबाईलचा चांगला चार्जर. पॉवर बँक वापरायची हौस असेल तर लक्षात ठेवा, खोकं फार कमी करंट घेतं आणि पुष्कळ पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' असं समजून मिनिटभरात बंद होतात. आधी ब्रेडबोर्डवर चालवून बघा, मग झिरो पीसीबीवर सोल्डर करा. स्पीकर उघडा ठेवू नका. प्लायवूडच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात बसवला की आवाज भरतो.

कीपॅडच्या सोळा बटणांपैकी बारा स्वरांची. उरलेली चार: पुढचा प्रश्न, पुन्हा ऐकव, पातळी, पट्टी. बटणांवर पेटीच्या पट्ट्यांचं चित्र काढू नका. मुलीला पेटीची सवय आहेच, तिची बोटं जागा शोधतील आणि कान मागे राहील. सा, कोमल रे, रे, कोमल ग अशी सरळ अक्षरं चिकटवा. कोमलाखाली आडवी रेघ, तीव्रावर उभी, भातखंडे पद्धतीप्रमाणे; क्लासच्या वहीत तेच असतं.

इथपर्यंतचं काम एखाद्या रविवारचं आहे. खरी मेहनत प्रश्न कसे विचारायचे यात आहे, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात.

मुलं हुशार असतात. स्वर ओळखण्यापेक्षा सोपी खूण सापडली तर तीच धरतात. स्वर एकदम सुरू केला तर 'टक' असा आवाज येतो, आणि तो प्रत्येक स्वराला थोडा वेगळा असतो. म्हणून जोर शून्यापासून वीस-तीस मिलिसेकंदांत चढवा, उतरवतानाही तसंच. एकाच जोरानं वाजवलेले वरचे स्वर छोट्या स्पीकरवर मोठे ऐकू येतात, तर दर प्रश्नाला जोर थोडा कमी-जास्त करा. आर्डुइनोच्या नेहमीच्या बोर्डांवर 'रँडम'ला बीज, म्हणजे दर वेळी वेगळा सुरुवातीचा आकडा, दिलं नाही तर रोज तोच क्रम येतो आणि मुलं तो चक्क पाठ करतात. ईएसपी३२ मध्ये ही अडचण नाही, तरी जुना प्रोग्रॅम उचलून आणला असेल तर बघून घ्या. सगळ्यात फसवी खूण म्हणजे मागचा स्वर. आधी 'प' वाजला आणि लगेच 'ध' वाजला, तर मुलगी षड्जाकडे बघतच नाही, 'मघापेक्षा एक वर' एवढंच मोजते. दोन प्रश्नांच्या मध्ये निदान चार सेकंद नुसता षड्ज वाजू द्या.

सुरुवात बारा स्वरांनी करू नका. सा, ग, प एवढेच तीन. मग त्यात कोमल ग. तुमच्या मुलीची अडचण तीच आहे, म्हणून तिला या चार स्वरांवर आठवडा-दोन आठवडे ठेवलं तरी चालेल. पुढे रे आणि नी, मग म, मग धैवताची जोडी, कोमल नी, आणि कोमल रे व तीव्र म शेवटी. मध्यमाच्या वेळी एक गंमत दिसेल. पुष्कळ मुलं मध्यमाला 'सा' म्हणतात. हा बेसूरपणा नव्हे. मध्यमाला षड्ज मानलं तर खाली वाजणारा आपला षड्ज त्याचा पंचम होतो, आणि कानाला ही जोडी इतकी पटते की तो घर बदलतो. अशा वेळी लाल दिवा लावून मोकळं होऊ नका. मध्यम वाजवा आणि त्यावरून म ग रे सा असं सावकाश खाली येऊन दाखवा. चुकलेल्या प्रत्येक उत्तरानंतर खोक्यानं हेच करावं: आधी मुलीनं दाबलेला स्वर, मग खरा स्वर, मग खऱ्या स्वरावरून षड्जापर्यंत उतरणं. बरोबर उत्तरालाही उतरून दाखवलं तर नुकसान काही नाही, फक्त वेळ जातो.

कोणता स्वर वारंवार विचारायचा हे ठरवायला मी साधा हिशेब ठेवतो. प्रत्येक स्वराच्या नावावर चार चिठ्ठ्या. चुकला की तीन वाढवायच्या, बरोबर आला की एक काढायची, एकीच्या खाली जायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची. याशिवाय बारा बाय बाराचा एक तक्ता बोर्डच्या कायम राहणाऱ्या मेमरीत साठवा: कोणता स्वर वाजला आणि मुलगी काय समजली. आठवड्यानं तो कॉम्प्युटरवर बघितलात तर तिच्या गुरूंना नेमकं सांगता येईल की गोंधळ गंधारात आहे की निषादाला कोमल रे समजण्यात. षड्जाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या पावलावर असलेले हे दोघे, षड्जाकडे सारख्याच ओढीनं धावतात आणि नवख्या कानाला फसवतात. 'तिला सूर कळत नाही' यापेक्षा ही माहिती गुरूंना किती तरी उपयोगी.

बटण दाबण्याआधी गायला लावा. हे खोकं तपासू शकत नाही, ते तुमच्याकडे. स्वर थांबल्यावर दोन सेकंद बटणं बंद ठेवा. तेवढ्या वेळात तिनं तो 'आ'कारात गळ्यातून काढायचा, मग ओळखायचा. जे गळ्यातून निघतं ते कानात पक्कं बसतं. दहा मिनिटं रोज पुरे. अर्धा तास बसवलं तर शेवटची वीस मिनिटं ती नुसती बटणं दाबत असते.

नव्वद टक्के उत्तरं बरोबर येऊ लागली की पट्टी बदला. आज काळी पाच, उद्या काळी चार, परवा पांढरी एक. एका बैठकीत पट्टी बदलू नका, नवा षड्ज कानात मुरायला वेळ लागतो. इथे काही दिवस पुन्हा घसरण दिसेल. ती दिसली नाही तर उत्तम. दिसली तर आधीचं यश पट्टीच्या पाठांतराचं होतं असं समजायचं आणि पुढे चालायचं. त्यानंतर तीन-तीन स्वरांचे तुकडे घ्या, पण यदृच्छया उचललेले नकोत. रागात येणारे घ्या: नी रे ग, किंवा ग म ध मध्ये धैवत कोमल. पहिल्यावर तिला यमन आठवावा, दुसऱ्यावर भैरव.

भैरवाचा विषय निघाला म्हणून सांगतो. भैरवातला कोमल रिषभ आणि दरबारीतला गंधार आंदोलित, म्हणजे सावकाश झुलते, असतात, आणि दरबारीतला तर नेहमीच्या कोमलापेक्षाही उतरलेला. खोक्यातला स्वर खिळ्यासारखा एका जागी उभा असतो. प्रोग्रॅममध्ये फ्रिक्वेन्सी हलवून आंदोलन केल्याचा आव आणता येतो, काही जण आणतातही, पण ते ऐकवत नाही. ते गुरूंसमोर बसूनच घ्यायचं.

राहिला पोटेन्शिओमीटर. आपल्याकडच्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळलेल्या असतीलच असं नाही. कुणाची दहा सेंट चढी, कुणाची वीस सेंट उतरलेली. म्हणून या खुंटीनं षड्ज पन्नास सेंट वर आणि पन्नास खाली सरकवता आला पाहिजे. बाकी स्वर गुणोत्तरानं निघत असल्यामुळे ते आपोआप मागे येतात. फक्त खुंटीचं वाचन सतत घेऊ नका. ईएसपी३२ चं ते वाचन डळमळतं आणि षड्ज तरंगायला लागतो. पट्टीचं बटण दाबलं असतानाच वाचा, पन्नासेक वाचनांची सरासरी काढा आणि ती साठवून ठेवा. क्लासला एकदा खोकं घेऊन जा, गुरूंच्या पेटीची काळी पाच दाबून धरा, आणि थरथर थांबेपर्यंत खुंटी फिरवा.

मायक्रोफोन लावून तिचा गळाच तपासता येईल का, हा पुढचा प्रश्न येणारच. येतो, आणि ईएसपी३२ ला ते झेपतंही, पण चालू षड्जातून मुलीचा आवाज वेगळा काढणं हे वेगळंच काम आहे. त्यासाठी षड्ज हेडफोनवर द्यावा लागतो. आधी हे खोकं दोन-तीन महिने वापरा.